हे आमच्या वाकळंत न्हाय

परवा सकाळी दुकान उघडून देवापुढं अगरबत्ती लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या भिशीच्या ग्रुपवर मगदूम सरांची ती क्लिप पुन्हा आली होती. डोक्यावर केशरी फेटा, गळ्यात हार, हातात माईक, आणि सर ठणकावून सांगताहेत, "मी एक गोळी खात न्हाय. जवसाची चटणी खातोय." खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'थोर शास्त्रज्ञांचा मोलाचा सल्ला, सर्वांना पाठवा.' सर जाऊन वर्ष होऊन गेलं. क्लिप मात्र ठणठणीत आहे.

ते वाक्य सरांनी माघारी घेतलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि कितीतरी ठिकाणी स्वतः जाऊन. पण माघारीची क्लिप कुणी काढत नाही. सर असते तर आजही त्यांनी ग्रुपमधल्या एकेकीला फोन करून झापलं असतं. ते नाहीत म्हणून मी लिहायला बसले आहे. मी काही लिहिणारी बाई नव्हे. राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं औषधाचं दुकान आहे, दुकानाच्या वर घर आहे, आणि दिवसभरात मी जे लिहिते ते 'सकाळी एक, रात्री एक' एवढंच. पण सरांना मी सात वर्षं रोज पाहिलं. त्या सात वर्षांतली एक दुपार आठवली की अजून भीती वाटते, आणि मग लगेच हसूही येतं.

सरांचं पूर्ण नाव आदगोंडा मगदूम. मूळचे हातकणंगले तालुक्यातल्या एका खेड्यातले, जैन शेतकऱ्याघरचे. तीस-बत्तीस वर्षं बेंगळुरूला उपग्रह बनवण्याच्या कामात काढली, पण बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच राहिलं, वर थोडा कानडी हेल आला. फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या माणसाला फोनची गरज नसावी असं वाटायचं. बायको गेली, मुलगी पुण्यात संसाराला लागली, आणि निवृत्त झाल्यावर सर आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायला आले.

उपग्रहाचं काम म्हणजे नेमकं काय, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "वाकळ शिवत हुतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. तर त्यांनी पाकिटातून सोनेरी चकचकीत कागदाचा बोटभर तुकडा काढून काउंटरवर ठेवला. उपग्रहाच्या अंगावर सोनेरी, चुरगळल्यासारखं काहीतरी दिसतं ना, ते हे. असे पुष्कळ पदर एकावर एक घालून शिवतात. "एका अंगाला ऊन भाजतंय, दुसऱ्या अंगाला मरणाची थंडी. मधल्या यंत्रानं जगायचं कसं? म्हणून वाकळ. आमची आई जुन्या लुगड्यांची शिवायची, मी ह्याची शिवली. टाका त्योच." सगळं आयुष्य त्यांनी त्या टाक्यांत घातलं होतं. शर्टाच्या खिशात एका पुठ्ठ्याला गुंडाळलेला दोरा आणि सुई कायम असायची. माझ्या दुकानाचं ताडपत्रीचं छप्पर फाटलं तेव्हा कारागीर शोधायला मी दुपारी जाणार होते. परत येऊन पाहते तर सर स्टुलावर चढून शिवत होते, आणि टाका असा बारीक की अजून उसवलेला नाही.

आता असा माणूस प्रसिद्ध कसा झाला? निवृत्तीला थोडे महिने राहिलेले असताना त्यांचं एक यान जायचं तिथं नीट जाऊन पोचलं. टीव्हीवर सगळी माणसं उठून टाळ्या वाजवतात ते दाखवलं, त्यात तिसऱ्या रांगेत, लोकरीची टोपी घातलेले सर चार सेकंद दिसले. त्यांच्या खेड्यात कुणीतरी ओळखलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'कोल्हापूरच्या सुपुत्राची अवकाशझेप' आलं. सर कोल्हापूरला आले तेव्हा स्टेशनवर हलगी वाजत होती.

आमच्याकडं सत्काराचा क्रम ठरलेला असतो. आधी फेटा, मग शाल, मग नारळ, आणि मग 'आता सरांनी दोन शब्द सांगावेत अशी विनंती'. दोन शब्द कशावर, ते कुणी सांगत नाही. सुरुवातीला सर वाकळीवरच बोलायचे. पण वाकळीत लोकांना किती रस असणार? भाषण संपलं की हात वर व्हायचे. सर, बोअर कुठं मारू? सर, पोराला सायन्सला घालू का कॉमर्सला? सर, म्हैस गाभण राहत नाही. एकानं तर पत्रिका पुढं केली होती.

पहिलं वर्षभर सरांचं एकच उत्तर असायचं. "हे आमच्या वाकळंत न्हाय." एवढं म्हणून नमस्कार करायचे. मला ते फार आवडायचं. दुकानात मीही चार-दोनदा वापरलं. पोटदुखीला कुठलं इंजेक्शन देता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, हे आमच्या वाकळंत न्हाय, डॉक्टरांकडं जा.

पण माणसाला किती फेटे बांधले तर तो बिघडत नाही, याला काही माप असतं. पाहुणे नाराज होऊन परत जातात, आयोजकांचं तोंड पडतं, हे सरांना बघवेना. मग ते थोडं थोडं बोलायला लागले. आधी 'मला यातलं फारसं कळत नाही, पण' असं म्हणून. मग पुढं पुढं तेवढंही म्हणेनासे झाले. मोबाइलच्या लहरी, पोरांची झोप, उसाला पाणी किती. इचलकरंजीला एका यंत्रमाग कारखान्यात सत्कार होता, तिथल्या मालकानं विचारलं, शेडमध्ये फार उकडतं, काय करू? सर शेडभर फिरले आणि म्हणाले, ही दमट हवा सगळी बाहेर काढा, मोठे पंखे बसवा. उष्णतेचा माणूस म्हटल्यावर मालकानं दुसऱ्या दिवशी पंखे बसवले. सर चार दिवस खुशीत होते. मला म्हणाले, "बघ सुनीता, उपेग हुतोय माझा."

मी म्हटलं, "होतोय की." मला तरी कुठं कळत होतं.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या सरांच्या पहिल्या नंबरच्या भक्त. गल्लीत सर दिसले की डोक्यावरचा पदर नीट करायच्या. सर त्यांना आक्का म्हणायचे, त्यानंच त्या विरघळल्या होत्या. आत्यांना रक्तदाबाचा जुना त्रास. औषधं देणारी सून घरात असून त्यांना गोळी खायला लावणं म्हणजे रोजची लढाई. मी कोर्स केला आहे, परवाना भिंतीवर लावला आहे, अख्खी गल्ली मला विचारून गोळ्या नेते, पण आत्यांच्या लेखी मी फक्त सून. त्या मला सरळ म्हणायच्या, "त्यो माणूस आभाळात यान धाडतोय. तू गोळ्या इकतीस."

ज्या भाषणाची ही क्लिप आहे ते ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यातलं. मंगल कार्यालय भरलेलं होतं. एका आजोबांनी उठून विचारलं, सर, ह्या वयात एवढे ताठ कसे, कुठली गोळी खाता? कौतुकाचा प्रश्न होता. सरांनी चटणीवर थांबायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यांना वाकळीचं उदाहरण सापडलं. म्हणाले, शरीर म्हणजे पण एक यानच. आतलं तापमान सांभाळा, दाब आपोआप जाग्यावर येतोय. गोळी म्हणजे वरून मारलेलं ठिगळ. टाळ्या पडल्या. आठवड्याभरात क्लिप जिल्हाभर फिरली आणि आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जवस मिळेनासं झालं. मी मनातल्या मनात चिडले, पण म्हटलं, म्हातारी माणसं चटणी खातील, त्यात काय वाईट?

महिन्याच्या सुरुवातीला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला कोण कोण येतं ते मला तोंडपाठ आहे. त्या महिन्यात आठवडा उलटला तरी चार जण आले नाहीत. त्यातले एसटीतून निवृत्त झालेले शिंदे मामा दुकानावरून तसेच पुढं निघाले तेव्हा मी हाक मारली.

"मामा, गोळ्या?"

"बंद केल्या की." मामा खुशीत होते. "सर म्हणालेत न्हवं? आता हलकं वाटतंय."

मी त्यांना आत बोलवून बसवलं, समजावलं. ते हसत होते. "वहिनी, तुमचं दुकान हाय, तुमी असंच म्हणणार," म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर मी पुढची पावती करायला घेतली आणि हात तिथंच थांबला. चार जण सोडा. माझ्या घरात वर एक जण होतं.

जिना चढून गेले तर आत्या भरदुपारी निजलेल्या, कपाळाला फडकं घट्ट बांधलेलं. "डोकं धरलंय जरा दोन दिस," म्हणाल्या. गोळी घेतली का विचारलं, तर "खाल्ली की." गोळ्यांचं पाकीट दाखवलं, ते रिकामं होतं. मी परत फिरणार होते, तेवढ्यात उशाशी मिश्रीची डबी दिसली. आत्यांनी मिश्री सोडून पाच वर्षं झाली होती. मी डबी उचलली तर ती वाजली. आत महिन्याभराच्या गोळ्या होत्या, एकेक करून पाकिटातून काढून नीट ठेवलेल्या.

मी मशीन आणून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या घरात गेला. मला वाटलं, मशीन बिघडलं. थोडं थांबून पुन्हा घेतला, तोच. कोपऱ्यावरचे डॉक्टर दवाखाना भरलेला असतानाही धावत आले. त्यांनी तपासलं, हातपाय हलवायला लावले, बोलायला लावलं, आणि मला बाहेर घेऊन म्हणाले, "अजून काही झालेलं नाही. पण आत्ता गोळी पोटात जायला हवी. संध्याकाळपर्यंत खाली आलं नाही तर ॲडमिट करू. मेंदूत काही झालं तर मग आपल्या हातात राहणार नाही." गोळी माझ्या हातावर ठेवून ते गेले.

आत्यांनी दात घट्ट मिटून घेतले. माझे यजमान कामावर होते, त्यांना फोन लावला, ते फोनवरून ओरडले, आत्यांनी ऐकलं नाही. "सर सांगत न्हाईत तवर मी हे ठिगळ लावून घेणार न्हाय," एवढंच म्हणायच्या. मी गोळी मुठीत धरून जिना उतरले.

सर दारात बसून छत्री शिवत होते. मी गल्लीत उभी राहून त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, फार वाईट बोलले असणार, कारण समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. गल्लीत आल्यापासून सरांवर कुणी आवाज चढवला नव्हता. ते गोंधळून उठले.

"अगं, मी आपलं माझं सांगितलं. गोळ्या टाका म्हणालो न्हवतो."

मी क्लिप लावून फोन त्यांच्या हातात दिला. सरांनी स्वतःचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव." परत ऐकलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा रागच गेला, नुसती भीती राहिली.

"आमच्याकडं एक टाका घातला की दुसरा माणूस भिंग लावून बघायचा," ते हळू म्हणाले. सरांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "त्यानं सही केल्याबिगर कायबी वर जात न्हवतं. बत्तीस वर्सं. आणि हे? हे कुणी तपासलं?" छत्री तिथंच टाकून ते माझ्यापुढं निघाले.

वर आल्यावर ते आत्यांच्या कॉटपाशी उभे राहिले. "आक्का, मी बोललो ते चुकलं. गोळी घ्या."

आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं आणलंय तुमाला. मला कळतंय की."

"न्हाय. मला त्यातलं काय कळत न्हाय. फेट्यात बोललो."

"आसं कसं? एवढं मोठं शास्त्रज्ञ तुमी. तुमाला न्हाय कळत तर कुणाला कळतंय?"

इथं मी हात टेकले. माणसानं एकदा चुकीचं सांगितलं तर जग ऐकतं, आणि तोच माणूस खरं सांगायला आला तर म्हणे विनय. सरांनी कॉटजवळ खुर्ची ओढली, बाही वर केली आणि दंड माझ्यापुढं धरला. "माझा बघ."

"सर, तुमचा कशाला?"

"बघ म्हटलं न्हवं. मी कधी मोजलेलाच न्हाय."

मी पट्टा बांधला. मशीन घरघरलं. सरांचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आला. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा घेतला, चार कमी. सरांनी मशीन हातात घेतलं, चष्मा वर करून आकडा नीट पाहिला, आणि मशीन आत्यांपुढं धरलं. "जवस खाऊन हे, आक्का."

आत्या कोपरावर उठल्या. इतका वेळ स्वतःच्या डोक्याचं काही न वाटलेली बाई सरांचा आकडा बघून घाबरली. "आवं, तुमाला पण हाय व्हय? आणि एकटं राहताय? काय झालं असतं म्हंजे?"

"तेच म्हणतोय."

"मग तुमी गोळी घ्या आधी."

"डॉक्टर देतील ती घेतो. तुमी तवर घ्या की."

"तुमी आणा. मग दोघं घेऊ."

आता यावर काय करणार? डॉक्टर कोपऱ्यावर होते म्हणून बरं. लोकरीची टोपी घातलेले सर रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून आत घुसले. डॉक्टरांनीही दोनदा मोजला, मग एक गोळी लिहून दिली. मी दुकानातून काढून दिली. अख्खा प्रकार वीस मिनिटांत उरकला असेल, पण मला तो फार लांबला. मग आमच्या वरच्या खोलीत आत्या आणि सर, दोघं समोरासमोर बसले, एकमेकांकडं बघत गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले. आत्यांनी सरांना तोंड उघडून दाखवायला लावलं. सरांनीही आत्यांना उघडायला लावलं.

मी दर अर्ध्या तासानं मोजत होते. आकडा हळूहळू उतरत गेला. दिवेलागणीला डॉक्टर पुन्हा आले आणि म्हणाले, "ॲडमिट नको. उद्या बघू." त्यांना खाली सोडायला गेले ती जिन्यातच बसले आणि पोटभर रडले. इतकं सुटल्यासारखं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. वर आत्या सरांना सांगत होत्या, सुनेचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, मनानं चांगली हाय.

दुसऱ्या दिवशी सर वही घेऊन दुकानात आले. जिथं जिथं फेटा बांधून घेतला होता त्या सगळ्या जागा त्यांनी लिहून काढल्या होत्या. कुठं काय बोललो, तेही समोर. वाकळीतलं आणि वाकळीबाहेरचं असे दोन रकाने होते, आणि दुसरा रकाना भरून पान संपलं होतं.

मंगल कार्यालयातल्या त्याच ज्येष्ठ मंडळींना त्यांनी पुन्हा जमवायला लावलं. मी आणि आत्या गेलो होतो. आयोजकांना वाटलं, सर स्वतःहून येताहेत म्हणजे दुसरा सत्कारच करावा. पुन्हा फेटा बांधला. सर माईकपाशी गेले, फेटा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो फेटा तुमी वाकळंसाठी बांधलाय. आता बोलणार हाय ते वाकळंबाहेरचं हाय, म्हणून काढून ठेवतोय. मागच्या खेपेला मी गोळीबद्दल बोललो ते सगळं चूक. माझाच दाब वाढलेला निघाला. ज्यांनी गोळ्या बंद केल्यात त्यांनी आज डॉक्टरला भेटा. चुकलो मी."

प्रचंड टाळ्या पडल्या. मला धन्य वाटलं. आणि मग एक आजी उठून म्हणाल्या, "सर, मग चटणी दिवसातनं किती येळा?"

सरांच्या ध्यानात आलं की भाषणानं घातलेलं भाषणानं निघत नाही. मग त्यांनी माझ्या दुकानात स्टूल टाकला. महिनाभर रोज सकाळी फिरून आले की दहा वाजेपर्यंत तिथं बसायचे आणि येईल त्याला सांगायचे. शिंदे मामांच्या घरी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी मशीनच घेऊन गेले आणि स्वतःच्या दंडापासून सुरुवात केली. मामा त्याच दिवशी डॉक्टरांकडं जाऊन आले. उरलेले तिघंही एकेक करून परत आले. शेवटचा आला तेव्हा सरांनी वहीत एक रेघ मारली आणि इतका मोठा श्वास सोडला की माझ्या काउंटरवरच्या चिठ्ठ्या उडाल्या.

इचलकरंजीलाही गेले. परत आले ते हसतच. "ते पंखे म्हणं दुसऱ्याच दिवशी बंद केलते. सुताला दमट हवा लागतीया. कोरडी झाली की धागा तुटतोय. मागावरच्या बाईला म्हायती, मला न्हाय." मालकानं सांगितलं का नाही, असं मी विचारलं. "त्यो म्हणतोय, सर, आमचंच काय तरी चुकलं आसंल." सर स्टुलावर बसले. "फेटा बांधलेल्या माणसाला कोण चूक म्हणत न्हाय, सुनीता. तू वरडलीस म्हणून."

एवढंच ते त्यावर कधी बोलले. मला ते सत्कारापेक्षा मोठं वाटलं, अजूनही वाटतं.

त्यानंतर सरांनी सत्कार बंद केले असं नाही. लोक सोडत नव्हते. पण प्रश्न आला की फेटा काढायचे, आणि फेटा काढला की लोकांना कळायचं, आता उत्तर नाही मिळणार. "मला म्हायती न्हाय" हे ते इतक्या आनंदानं म्हणायचे की विचारणारालाही बरं वाटायचं. ज्याला माहीत असेल त्याचं नाव मात्र सांगायचे. म्हशीचा प्रश्न आला की जनावरांच्या डॉक्टरचा नंबर द्यायचे. खिशात सुईदोऱ्याशेजारी त्यांनी तशा नंबरांची चिठ्ठीच ठेवली होती.

आणि रोज सकाळी आठ वाजता आमच्याकडं चहा. फिरून यायचे, जिन्यातूनच "आक्का" म्हणून हाक द्यायचे, दोघं गोळ्या काढायचे, एकमेकांसमोर खायचे आणि तोंड उघडून दाखवायचे. मी पाच वर्षं हे बघितलं. पाच वर्षांत आत्यांनी एकही दिवस चुकवला नाही. माझ्या हातून कधीच न झालेलं काम सरांनी असं केलं, आणि त्यासाठी त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

मग गुडघे दुखायला लागले, एकट्यानं जमेना, आणि मुलगी पुण्याला न्यायला आली. सकाळची गाडी होती. आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. सर खिडकीपाशी बसले, डोक्यावर तीच लोकरीची टोपी. समोरच्या बाकावरच्या माणसानं त्यांना ओळखलं आणि विचारलं, "सर, औंदा महापूर येतोय का ओ?"

"मला म्हायती न्हाय, पावणं," सर म्हणाले. "पाटबंधारेच्या हापिसात इचारा. तिथली माणसं पाण्यावरच बसल्यात."

पाहुणा हसला. आत्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या स्टेशनच्या घड्याळाकडं बघत होत्या. आठ वाजले तशी त्यांनी कमरेच्या पिशवीतून मिश्रीची डबी काढली. त्याच डबीत आता त्या गोळ्या ठेवतात, पण चोरून नाही. खिडकीत सरांनी खिशातून पाकीट काढलं. तेवढ्यात गाडी हलली.

सरांनी घाईनं गोळी तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्याले आणि खिडकीच्या गजांना कपाळ लावून तोंड उघडून दाखवलं. आत्या पाण्याशिवायच गोळी गिळून गाडीबरोबर चार पावलं चालल्या, पदर बाजूला करून त्यांनीही तोंड उघडलं. सरांनी वाकून नीट बघितलं, मान हलवली आणि सही केल्यासारखं बोट हवेत फिरवलं.